माळ्यावरचा रेडिओ

चिपळूणच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. रमजानपूर्वीची साफसफाई करताना त्यांना माळ्यावर मरहूम सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर सापडला. नवे सेल घातले, तो चालूही झाला. पण पट्टीवर जिथे ‘एसडब्ल्यू’ लिहिले आहे तिथे भरदुपारी नुसती खरखर. भंगारवाल्याला द्यावा की ठेवावा, असे त्या विचारतात.

आमचे उत्तर : ठेवा. आणि तोच रेडिओ इशाच्या नमाजनंतर पुन्हा लावून पाहा.

दुपारी जो मुका असतो तो रात्री बोलू लागतो, हे शॉर्टवेव्हचे पहिले नवल. एफएमचे स्टेशन डोंगराआड गेले की संपते. शॉर्टवेव्हची लहर मात्र वर जाते, शंभर ते तीनशे-चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या तापाने भारलेले हवेचे थर असतात त्यांना आपटते आणि परतून हजारो किलोमीटरवर उतरते. तिथून पुन्हा उसळी घेते. त्यामुळे स्टेशनाच्या पलीकडच्याच तालुक्यात बसलेल्याला काहीच ऐकू येत नाही आणि समुद्रापलीकडच्याला शब्द न् शब्द कळतो, असेही घडते. दिवसा या थरांतला सर्वांत खालचा थर ४९, ४१, ३१ मीटरच्या लहरी पिऊन टाकतो. मगरिबनंतर तो थर विरतो आणि वाट मोकळी होते. म्हणून दिवसा १६ किंवा १९ मीटरवर आणि रात्री २५ च्या पुढे शोधावे. हे ‘मीटर’ म्हणजे काय, असे मुले विचारतीलच. त्यांना एक सोपे गणित द्या : ३०० ला मीटरने भागा, मेगाहर्ट्झ मिळतात. २५ मीटर म्हणजे १२ च्या आसपास.

गंमत अशी की या लहरींची एके काळी कुणाला किंमतच नव्हती. मोठ्या कंपन्यांनी आणि सरकारांनी लांब लहरी स्वतःकडे ठेवल्या आणि आखूड लहरी निरुपयोगी म्हणून हौशी पोरांकडे ढकलल्या. त्या हौशी लोकांनीच नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे ११० मीटरवर अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात मोर्सच्या संकेतांनी दुतर्फा बोलणे करून दाखवले. मग सगळ्यांचे डोळे उघडले. बीबीसीने शॉर्टवेव्हवर एम्पायर सर्व्हिस सुरू केली ती १९ डिसेंबर १९३२ रोजी.

आमच्या पिढीच्या घरांत शॉर्टवेव्ह शिरली ती मात्र सिलोनच्या दाराने. दुसऱ्या महायुद्धात लॉर्ड माउंटबॅटन यांच्या फौजांसाठी सिलोनमध्ये उभारलेले जोरदार प्रक्षेपण केंद्र युद्धानंतर तिथल्या सरकारकडे आले. इकडे १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीतावर त्यांचा फार जीव आणि फिल्मी गाण्यांवर तितकाच राग. आकाशवाणीवरून ती गाणी हद्दपार झाली आणि सगळा हिंदुस्थान कोलंबोकडे कान लावून बसला. ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सायानी; तेव्हा त्यांची विशीही पुरी झाली नव्हती.

पुष्कळांना वाटायचे, हा माणूस कोलंबोत बसून बोलतो. तो बसलेला असायचा मुंबईत. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तोच मुंबईचा आवाज आकाशातून फिरून मुंबईच्या चाळीत उतरायचा. सरकारने दाराला कडी लावली होती, छताला कशी लावणार?

अमीनभाईंच्या त्या सोप्या, गोड हिंदुस्थानीचे मूळ त्यांच्या घरात होते, हे आपल्या भगिनींना मुद्दाम सांगावेसे वाटते. त्यांच्या वालिदा कुलसूम सायानी मुंबईत प्रौढांना, विशेषतः बायकांना, लिहावाचायला शिकवत. नव्याने वाचू लागलेल्यांसाठी त्यांनी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवले. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. पण ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. गांधीजींचे त्याला उत्तेजन होते. लहानगा अमीन त्या कामात आईला मदत करी. कुणालाही अडणार नाही असा शब्द निवडायचा, हे त्याने तिथे शिकले. पुढे लाखो ऐकणाऱ्यांना तो ‘बहनो और भाइयो’ म्हणून हाक मारू लागला, त्यातही बहिणी आधी. २०२४ च्या फेब्रुवारीत अमीनभाई अल्लाहला प्यारे झाले तेव्हा मोठमोठे मृत्युलेख आले. त्यांत आईचे नाव ओझरतेच होते. आम्हाला ते खटकले.

गाण्यांसाठी सुई फिरवताना भलतेच काही हाती लागावे, हा शॉर्टवेव्हचा खरा आनंद. मोबाईलवर आपण जे मागू तेच मिळते. इथे तसे नाही. सिलोन शोधता शोधता मॉस्कोची उर्दू लागे, तेहरानची फारसी लागे, आणि रात्र फार झाली असेल तर कैरो. अरबी न कळणारी आमची नानी किरअत लागली की हातातली तसबीह थांबवून बसायची. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा यायचा. वर थर हलत असतो म्हणून असे होते, हे आज आम्हाला ठाऊक आहे. तिला ते ठाऊक असण्याची गरज कधी भासली नाही.

कैरोच्या रेडिओचा आरंभच किरअतीने झाला होता. ३१ मे १९३४ रोजी तिथले सरकारी रेडिओ केंद्र सुरू झाले ते शेख मुहम्मद रिफअत यांच्या तिलावतीने. बालपणीच दृष्टी गेलेले हे कारी. रेडिओवर पढणे जायज आहे का, अशी त्यांना शंका होती. कुठल्या दुकानात, कुठल्या बैठकीत तो आवाज जाईल, कुणी सांगावे! म्हणून त्यांनी आधी अल-अजहरच्या उलेमांना विचारले, परवानगी मिळाली तेव्हाच ते माइकसमोर बसले. नव्या यंत्राला सरसकट हराम न म्हणता आणि डोळे मिटून न स्वीकारता आधी विचारून घेण्याची ही रीत आम्हाला फार आवडते. पुढे १९६४ मध्ये कैरोने केवळ कुरआनसाठी वेगळे केंद्रच सुरू केले.

चांदाचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटला नाही. रेडिओवरून आलेली चांद दिसल्याची बातमी ही ‘खबर’ आहे की ‘शहादत’, यावर आपल्याकडे बरीच वर्षे काथ्याकूट झाला. साक्षीदार समोर उभा हवा, रेडिओ उभा राहून कसा साक्ष देणार, असे काहींचे म्हणणे. जबाबदार रुएत-ए-हिलाल कमिटीने शहानिशा करून केलेला एलान असेल तर तो मानावा, असे इतरांचे. एकोणतिसाव्या रोजाच्या रात्री एका हातात रेडिओ आणि दुसऱ्या हातात शेवयांचे पातेले घेऊन ताटकळलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या वादाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

खबर आणि शहादत यांतला हा फरक आम्हाला खऱ्या अर्थाने कळला तो १९९० साली. मोहरमचा महिना होता. २ ऑगस्टला इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. कोकणात असे गाव नसेल ज्याचा एखादा तरी माणूस तिकडे नव्हता. आमचे मामू कुवेतमध्ये ड्रायव्हर होते. फोन बंद, पत्रे बंद. गावात वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने येई, तेही आदल्या दिवशीच्या बातम्या घेऊन. उरला रेडिओ.

रात्री जेवणे उरकली की आमच्या पडवीत गर्दी जमे. दिल्लीच्या बातम्या, मग लंडनची बीबीसी हिंदी, मग बीबीसी उर्दूची ‘सैरबीन’, मग तेहरान. बगदाद अरबीत लागले तर पेश इमामसाहेब कान लावून मतलब सांगत. एकच घटना चार ठिकाणांहून चार तऱ्हांनी येई. अम्मीचे शिक्षण चौथीपर्यंत, पण तिने स्वतःची एक कसोटी ठरवली होती. इराक आणि इराण आठ वर्षे एकमेकांशी लढलेले. ते दोघेही जे सांगतील ते बहुधा खरे. एकटाच कुणी सांगत असेल तर उद्यापर्यंत थांबायचे. ‘‘ऐकलंस ते ऐकलंस, पण लगेच शेजारी जाऊन सांगू नको,’’ असे ती मामीला बजावत असे. मामी रडवेली होऊन म्हणे, ‘‘आपा, पण ते म्हणतात की सगळ्यांना धरून नेलंय!’’ अम्मी विचारी, ‘‘कोण म्हणतात? कुठलं स्टेशन?’’

सूरह हुजुरातमध्ये कुणी बातमी आणली तर आधी तिची खातरी करण्याची ताकीद आहे. जुम्याच्या बयानात आम्ही ती अनेकदा ऐकली होती. ती अमलात कशी आणायची असते ते त्या पडवीत पाहिले.

मग अम्मान हे नाव ऐकू येऊ लागले. हिंदुस्थानी लोक वाळवंटातून जॉर्डनकडे जात आहेत, तिथून एअर इंडियाची विमाने त्यांना आणत आहेत, असे दिल्लीनेही सांगितले आणि लंडननेही. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सुमारे १ लाख ७० हजार माणसे परत आली. मामू सप्टेंबरात आले, बगदाद-अम्मान-मुंबई असे, अंगावरच्या कपड्यांनिशी. तेव्हाही रेडिओ चालूच होता, कारण शेजारच्या दोन घरांची माणसे अजून यायची होती.

आता मोबाईलवर सगळे मिळत असताना हे कशाला, असे तरुण मंडळी म्हणतील. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झाले. एकेक मोठे केंद्र खर्च परवडत नाही म्हणून गप्प होत आहे. पण नेट गेले की काय होते तेही पाहा. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर बीबीसीला तिथल्यासाठी पुन्हा शॉर्टवेव्ह सुरू करावी लागली. २०२३ मध्ये सुदानात भाऊ भावावर उठला तेव्हा तिथल्या लोकांसाठी शॉर्टवेव्हवर अरबी प्रसारण सुरू झाले. त्याच वर्षी गाझासाठी वेगळे प्रसारण आले, ते मीडियम वेव्हवर. चार सेल आणि एक तार असली की टॉवर नको, रिचार्ज नको, आणि कोण ऐकतो आहे हे कुणालाही कळत नाही. अंधारात बसलेल्या एखाद्या सुदानी आईला त्याची किंमत विचारावी.

तर चिपळूणच्या भगिनींसाठी थोडे कामाचे. घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर हे शॉर्टवेव्हचे खरे शत्रू. निम्मी खरखर आकाशाची नसून त्यांची असते. रेडिओ सेलवर चालवा आणि एकेक बटण बंद करून बघा. रेडिओ खिडकीशी ठेवा. प्लास्टिकचे आवरण असलेली पाच-सहा मीटर तार घ्या, तिचे एक टोक सोलून एरियलला गुंडाळा आणि दुसरे खिडकीबाहेर सोडा. विजेच्या तारांपासून ती लांब असावी आणि आभाळ गडगडू लागताच काढून घ्यावी. सुई अगदी सावकाश फिरवा, शॉर्टवेव्हवर स्टेशने चिकटून बसलेली असतात.

सहरीची वेळ उत्तम. आपल्याकडे फजर व्हायची असते, पश्चिमेकडे अजून रात्र असते, त्यामुळे अरबस्तान आणि त्यापलीकडची स्टेशने ३१ आणि २५ मीटरवर छान लागतात. त्या वेळी शेजारीपाजारीही यंत्रे कमी चालू असतात. सौदीचे कुरआन प्रसारण मिळते का पाहा. चीनची हिंदी-उर्दू केंद्रे तर न शोधताही सापडतात. मुलांना बरोबर १० मेगाहर्ट्झवर सुई आणायला सांगा. चीनचे वेळ सांगणारे केंद्र तिथे सेकंदा-सेकंदाला टिकटिक करते. घरातले घड्याळ त्याच्याशी लावता येते.

जे ऐकले त्याची तारीख, वेळ, मीटर आणि आवाज कसा होता हे मुलांनी वहीत लिहावे. तो तपशील संबंधित केंद्राला कळवला तर बरीच केंद्रे आजही पोच म्हणून रंगीत कार्ड धाडतात. वेळापत्रक मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. तेव्हा काल लागलेले स्टेशन आज नाही म्हणून रेडिओला चापट्या मारू नका, थोडे पुढेमागे शोधा.

आणि रेडिओ महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा. सेल पाझरला की आतले पत्रे खातो, मग तो भंगारवाल्याच्याच कामाचा.