विश्लेषण : पाळीव पोपट ‘गुटगुटीत’ दिसतो म्हणजे तो निरोगी असतो का?

वाटीभर सूर्यफुलाच्या बिया, दोन हिरव्या मिरच्या, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि सकाळच्या चहातले बिस्किट. बहुतेक घरांत पोपटाचा दिवसभराचा आहार एवढाच असतो. पक्षी आवडीने खातो, पाहुण्यांसमोर बोलतो, अंगाने भरलेला दिसतो. त्यामुळे आपले काही चुकत असेल अशी शंका घरात कुणालाच येत नाही. पिंजऱ्यातल्या पोपटांचे अनेक आजार मात्र या वाटीतूनच सुरू होतात. ते टाळणे अवघड नाही. त्यासाठी एक छोटा वजनकाटा हवा आणि लाड कशाला म्हणायचे, याचा थोडा फेरविचार हवा.

कोणता पोपट पाळता येतो?

आहाराआधी हा प्रश्न सोडवायला हवा. आपल्याकडचा हिरवा राघू, करण पोपट आणि इतर देशी पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. ‘आमच्याकडे लहानपणापासून आहे’ ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. बजरीगर, कॉकटील, लव्हबर्ड, कोनूर, आफ्रिकन ग्रे आणि मकाव हे विदेशी पक्षी पाळले जातात. त्यांतील आंतरराष्ट्रीय यादीत असलेल्या जातींची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करण्याचे नियम २०२४ मध्ये लागू झाले. बजरीगर आणि कॉकटील त्या यादीत नाहीत, आफ्रिकन ग्रे आणि मकाव आहेत.

आहाराच्या लेखात कायद्याचा विषय येण्याचे कारण साधे आहे. ज्यांच्या घरी देशी पोपट आहे, ते भीतीपोटी त्याला डॉक्टरकडे नेत नाहीत. पक्षी आतल्या आत खंगतो आणि घरचे ‘वय झाले’ म्हणून गप्प बसतात. असा पक्षी खिडकीतून सोडून देणे हाही उपाय नाही, कारण पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला अन्न शोधता येत नाही आणि शिकाऱ्यांपासून वाचताही येत नाही. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवून पक्षी त्यांच्या स्वाधीन करणे, हाच त्याच्या हिताचा रस्ता आहे.

सूर्यफुलाच्या बियांत वाईट काय आहे?

बी वाईट नाही, तिचे प्रमाण वाईट आहे. सूर्यफुलाच्या सोललेल्या बीमध्ये वजनाच्या साधारण निम्मा भाग मेद असतो. रानातला पोपटही बिया खातो, पण त्यासाठी तो दिवसभर उडतो, फांद्यांवर चढतो, कच्ची फळे, कळ्या, पालवी असे कितीतरी प्रकार कुरतडतो. पिंजऱ्यातल्या पोपटाला वाटीपर्यंत दोन पावले चालावे लागते. खाणे रानापेक्षा स्निग्ध आणि श्रम जवळपास शून्य, असा हा हिशेब आहे. उरलेला मेद यकृतात, पोटात आणि रक्तवाहिन्यांत साठतो. यकृत चरबीने भरणे, रक्तवाहिन्या कडक होणे, त्वचेखाली चरबीच्या गाठी येणे हे आजार बैठ्या पोपटांत पुन्हा पुन्हा आढळतात.

दुसरी बाजू कमतरतेची. बियांत कॅल्शियम फार कमी आणि ‘अ’ जीवनसत्त्व जवळपास नसतेच. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की तोंड, नाक आणि श्वासमार्गाचे आतील अस्तर जाड व कोरडे होते आणि जंतूंना वाट मोकळी मिळते. सतत शिंका, डोळ्यांभोवती सूज, तोंडात पांढरट चट्टे ही त्याची लक्षणे असू शकतात. कॅल्शियम घटल्यास मादीला अंडे बाहेर टाकता येत नाही. आफ्रिकन ग्रेमध्ये तर झटके येऊ शकतात. म्हणजे एकच पक्षी एकाच वेळी लठ्ठही असतो आणि कुपोषितही. ‘खातो भरपूर, मग कमी काय पडेल?’ या समजुतीने इथेच घात होतो.

दुकानातल्या मिश्रणात राळा, बाजरी, करडई सगळे असते, मग अडचण काय? पोपट निवडून खातो. आधी सूर्यफूल आणि करडई संपते. बाकीचे टाकून तो ओरडतो आणि आपण वाटी पुन्हा भरतो. पाकिटावर काय लिहिले आहे याला मग अर्थ उरत नाही. त्याच्या पोटात काय गेले, ते पाहायला हवे.

‘एवढेसे बिस्किट’ खरोखर एवढेसे असते का?

हा साधा गुणाकार करून पाहा. कॉकटीलचे वजन सुमारे ९० ग्रॅम आणि एका बिस्किटाचे ५ ग्रॅम धरू. पाव बिस्किट म्हणजे सव्वा ग्रॅम. ६० किलोच्या माणसाच्या मापात ते ८०० ग्रॅमच्या वर जाते. आपल्यासाठी जो तुकडा आहे, तो त्याच्यासाठी जेवण आहे. घरात चार माणसे असली की आजी पोळीचा तुकडा देते, मुले चिप्स देतात, बाबा शेंगदाणे देतात आणि कोणी काय दिले हे कुणालाच माहीत नसते. म्हणून भरवण्याचे काम घरातल्या एकाकडेच असावे.

काही पदार्थ तर थोडेही चालत नाहीत. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि मद्य पोपटाला विषारी आहेत. कांदा, लसूण आणि खारवलेले पदार्थ टाळावेत. सफरचंद द्यायचे तर बिया काढून. दूध पक्ष्यांना पचत नाही, कारण त्यातील साखर पचवण्याची सोय त्यांच्याकडे नाही. शेंगदाण्याला बुरशी धरली असेल तर त्यातील विष यकृतावर घाला घालते. हिरवी मिरची मात्र खुशाल द्या. तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही आणि मिरचीत ‘क’ जीवनसत्त्व असते. पण मिरची म्हणजे पूर्ण जेवण नव्हे.

मग वाटीत काय असावे?

पोपटासाठी तयार केलेल्या पेलेटमध्ये प्रत्येक दाणा सारखाच असतो, त्यामुळे निवडून खाण्याची सोय राहत नाही. पक्षीवैद्यकात साधारण असा सल्ला दिला जातो : निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग पेलेट, पाव भागाच्या आसपास भाज्या, थोडे फळ आणि बिया अगदी मर्यादित. बजरीगर, कॉकटील यांसारख्या लहान जातींना काही प्रमाणात बारीक धान्य चालते. मोठ्या मकावला मेदाची गरज तुलनेने जास्त असते, तर मधुरसावर जगणाऱ्या लोरीचा आहारच वेगळा. त्यामुळे प्रमाण जातीनुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

भाज्यांसाठी वेगळा खर्च करायची गरज नाही. गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, मक्याचे कणीस हे सगळे आपल्या मंडईतच मिळते. नारंगी आणि गडद हिरव्या भाज्यांतून ‘अ’ जीवनसत्त्वाची गरज भागते. पालक अधूनमधूनच द्यावा, कारण त्यातील ऑक्झलेटमुळे कॅल्शियम शरीराला मिळत नाही. भाज्या धुऊन द्याव्यात आणि उन्हाळ्यात दोन-तीन तासांत उरलेले काढून टाकावे. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजेच कटलबोन, पिंजऱ्यात अडकवावा. माणसांच्या गोळ्या कुटून देणे किंवा पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकणे टाळावे. पाण्यातून किती पोटात गेले ते कळत नाही आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचा अतिरेक मूत्रपिंडांना घातक ठरतो.

वजन कसे आणि किती वेळा पाहावे?

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरेसा आहे. त्यावर छोटी दांडी किंवा वाडगा ठेवून काटा शून्यावर आणावा आणि पक्ष्याला खाऊ दाखवून चढायला शिकवावे. सकाळी विष्ठा टाकल्यावर, खाण्याआधी वजन घ्यावे. आठवड्यातून एक-दोनदा पुरे, पण आकडा लिहून ठेवावा. बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅम, कॉकटील ८० ते १०० ग्रॅम आणि आफ्रिकन ग्रे ४०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास असतो. तरी तक्त्यातल्या आकड्यापेक्षा आपल्याच पक्ष्याच्या आकड्यांतला बदल महत्त्वाचा.

आकड्याबरोबर बोटांनीही पाहावे. छातीच्या मधोमध उभे हाड असते. निरोगी पक्ष्यात ते बोटाला लागते आणि दोन्ही बाजूंना भरीव स्नायू असतात. हाड दबून दोन्हीकडे उंचवटे आले, पिसे बाजूला केल्यावर त्वचेखाली पिवळसर थर दिसला, थोडे उडून पक्षी धापा टाकू लागला, तर वजन जास्त आहे. हाड सुरीच्या धारेसारखे लागले तर पक्षी खंगला आहे. पोपट आजार लपवतो, कारण रानात अशक्त दिसणारा पक्षी आधी शिकार होतो. तो पिसे फुगवून कोपऱ्यात बसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. काटा मात्र त्याआधीच सांगतो. वजन अचानक १० टक्क्यांनी घटले तर उद्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

वजन उतरवायचे तर उपाशी ठेवावे का?

अजिबात नाही. लहान पक्षी एक-दोन दिवसांच्या उपासानेही दगावू शकतो आणि चरबीने भरलेले यकृत उपासाने आणखी बिघडते. ‘भूक लागली की खाईल’ हा नियम पोपटाला लागू होत नाही. नवे अन्न त्याला अन्न वाटतच नाही. त्यामुळे बदल काही आठवड्यांत, हळूहळू करावा. सकाळी भूक असताना भाजी आणि पेलेट आधी ठेवावेत, बिया संध्याकाळी मोजून द्याव्यात आणि त्यांचे प्रमाण थोडे थोडे कमी करावे. या काळात वजन रोज घ्यावे आणि विष्ठेवरही लक्ष ठेवावे. विष्ठा कमी झाली तर पक्षी खात नाही असे समजावे. पोपट पाहून शिकतो, म्हणून त्याच्यासमोर आपण गाजर खाल्ले तर त्याचाही उपयोग होतो.

श्रमही वाढवायला हवेत. खाणे वाटीत न देता कागदाच्या पुडीत बांधावे, कणसाच्या सालीत लपवावे, पिंजऱ्यात दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवावे. बंद खोलीत रोज मोकळे सोडावे, पण आधी पंखा बंद, खिडक्यांना पडदे आणि गॅसवर काही नाही, याची खात्री करूनच.

जबाबदारी फक्त घरच्यांची आहे का?

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये स्वतंत्र नियम झाले आणि नोंदणी सक्तीची झाली. तरीही पक्षी घेणाऱ्याच्या हाती पिंजरा आणि बियांचे पाकीट देऊन व्यवहार संपतो. कोणत्या जातीला काय खाऊ घालावे, किती वजन असावे, पक्ष्यांचा डॉक्टर जवळपास कुठे आहे, याचा एक पानाचा मराठी कागद प्रत्येक विक्रीसोबत द्यायला विक्रेत्याला फारसा खर्च नाही. असा कागद सक्तीचा करायला हवा. पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर मोठ्या शहरांबाहेर फार थोडे आहेत, त्यामुळे आजार टाळण्यालाच इथे अधिक किंमत आहे.

कॉकटील १५ ते २० वर्षे जगू शकतो, आफ्रिकन ग्रे त्याच्या दुपटीहून जास्त. पक्षी घरी आणण्यापूर्वी इतकी वर्षे रोज सकाळी भाजी चिरून देता येईल का, याचे उत्तर घरच्यांनी आधी द्यावे. ते ‘नाही’ असेल, तर अंगणात पाण्याचे भांडे ठेवून येतील ते पोपट पाहणे चांगले. ‘हो’ असेल, तर पिंजऱ्याच्या आधी काटा विकत घ्यावा.