खांड बुजली, पण माती मोजली कोणी?

पेणच्या खारेपाटात मोठे उधाण आले की बाहेरकाठ्याला खांड जाते आणि खाडीचे पाणी भातशेतीत शिरते. वाशी, शिर्की, नारवेल-बेनवलेच्या शेतकऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. मग मागणी होते, अर्ज जातात, काम मंजूर होते. पण बांधावर प्रत्यक्ष माती किती पडली, हे विचारायला कोणी जात नाही. ‘ते साहेबांचं काम,’ म्हणून आपण बाजूला होतो. ठेकेदाराचे बिल मात्र त्याच मोजमापावर निघते.

इंग्लंडात या कामाला वेगळा माणूस असतो, क्वांटिटी सर्व्हेअर. अंदाजपत्रक करणे, कामाची परिमाणे काढणे, मोजमाप घेऊन बिल तपासणे, वाढीव कामाचा हिशेब ठेवणे हाच त्याचा धंदा. मुंबईच्या टोलेजंग इमारतींवर तो दिसतो. आपल्याकडच्या सरकारी कामांत हे सगळे बहुधा शाखा अभियंत्याच्याच गळ्यात. अंदाजपत्रक तोच करतो, देखरेख तोच करतो आणि मोजमाप पुस्तकात, म्हणजे ‘एम.बी.’त, नोंदही तोच करतो. वरचे साहेब काही मोजमापे तपासतात खरी, पण लिहिणारा हात एकच.

पूर्वी शिलोत्रीचा बांध गावकरी स्वतः घालत. माती किती गेली, ते डोक्यावर टोपली वाहणाऱ्याला ठाऊक असे. पुढे १९४८ चा खारजमीन कायदा आणि १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला, योजना सरकारकडे गेल्या आणि मातीचा हिशेब गावाच्या हातून सुटला.

आता आकडेच बघू. समजा शंभर मीटर बांध आहे. माथा दीड मीटर, उंची तीन मीटर, दोन्ही बाजूंचा उतार एकास दोन. पाया होतो साडेतेरा मीटर आणि माती लागते २२५० घनमीटर. तोच बांध फक्त एक फूट बुटका ठेवला, तर माती लागते साधारण १८६३ घनमीटर. फरक जवळजवळ १३७ ब्रासचा! उंचीत दहा टक्के कमी, तर मातीत सतरा टक्के. फूटभर उंची डोळ्यांना कळत नाही, पुढच्या उधाणाला मात्र बरोबर कळते. शिवाय नवी माती बसते. सैल ढीग मोजला तर आकडा आपोआप फुगतो.

रोह्यात डोलवहाळच्या कालव्यांतला गाळ काढतानाही हीच गत. गाळ काढण्याआधी लेव्हल घेतलीच नाही, तर नंतर मोजणार काय?

पेण तालुक्यातल्याच बाळगंगा धरणाच्या ठेक्यावरून २०१५ साली लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. तो न्यायालयाचा विषय. पण कोटींच्या आकड्यांवर बोलणारे आपण शंभर मीटरच्या बांधाबद्दल गप्प बसतो, हे काही बरे नव्हे.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने एम.बी.ची प्रत मागता येते, कामाची पाहणी करता येते, साहित्याचा नमुनाही घेता येतो. ग्रामपंचायतीने काम सुरू होण्याआधीच अंदाजपत्रकाची प्रत आणि सुरुवातीच्या लेव्हलची नोंद मागून घ्यावी. लेव्हल घेण्याच्या दिवशी बांधालगतचे दोन-चार शेतकरी तिथे हजर ठेवावेत. बिल निघाल्यावर मागितलेल्या कागदाचा उपयोग फारसा होत नाही, कारण तोवर दोन-तीन उधाणे बांधावरून जाऊन गेलेली असतात.