मांजराची साठ हजारांची मोरी

पाटा-वरवंटा टाकून आपण मिक्सर घेतला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फार तर चटणीची चव थोडी गेली; चटणीच्या जिवाला काही धोका नव्हता. परंतु हल्ली सुखवस्तू घरांत मांजरासाठी आपोआप साफ होणारे जे शौचपात्र येऊ लागले आहे, त्याविरुद्ध मला चार शब्द बोलायचेच आहेत. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी; पण खरेदीचे दिवसही हेच!

मुळात हे काम अवघड होते काय? पूर्वी अमेरिकेतली माणसे मांजरासाठी घरात राख किंवा वाळू ठेवीत. १९४७ साली मिशिगन राज्यातल्या एडवर्ड लो यांनी शेजारणीला राखेऐवजी पाणी शोषणाऱ्या मातीचे दाणे दिले, आणि त्यातून केवढा तरी धंदा उभा राहिला. पुढे ओल लागताच गोळा होणारी बेंटोनाइट माती आली. ही माती आपल्या शेजारी कच्छातही निघते. गोळा झाला की जाळीच्या झाऱ्याने उचलावा आणि टाकावा. (झारा अर्थातच वेगळा, चकल्या तळायचा नव्हे.)

यंत्र तरी निराळे काय करते? मांजर बाहेर पडल्यावर काही मिनिटे थांबते, मग त्याचे पिंप फिरते, माती चाळली जाते आणि गोळे खालच्या खणात पडतात. नावाजलेल्या अमेरिकन यंत्राला ७०० डॉलरच्या आसपास पडतात. म्हणजे आपले साठ हजार रुपये, शिवाय वाहतूक आणि आयात कर वेगळाच. वाचतात ती रोजची दोन मिनिटे, वर्षाकाठी बारा तास. त्यांतूनही खण रिकामा करणे आणि पिंप धुणे सुटत नाही. घाण घराबाहेर जात नाही. ती आठवडाभर खणात साठते, एवढेच.

पण माझा खरा आक्षेप पैशाचा नाही. मांजर आपले दुखणे लपवते. त्याची पहिली बातमी पुष्कळदा त्या मातीतच मिळते. बोक्याची लघवी अडली तर गोळे सुपारीएवढे होतात किंवा होतच नाहीत, आणि उपचार न झाल्यास दोन-तीन दिवसांत प्राणावर बेतते. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असला तर गोळे एकाएकी मोठे होऊ लागतात. झारा हाती असलेल्याला हे त्याच दिवशी दिसते. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. यंत्र घेऊन येथे मालकच डोळे मिटतो!

यावर कोणी म्हणेल, नवी यंत्रे मांजराचे वजन करतात, फेऱ्या मोजतात आणि सगळे फोनवर कळवतात. वजनाची नोंद उपयोगी आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु ज्याला रोज ट्रेकडे बघवत नाही, तो रोज आकडे वाचील, यावर माझा विश्वास नाही.

गुडघ्यांनी दगा दिलेल्या वृद्धांनी किंवा घरात पाच-सहा मांजरे असणाऱ्यांनी यंत्र खुशाल घ्यावे. गरोदर स्त्रीचे काम मात्र घरातल्या दुसऱ्याने करावे. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माची बाधा होऊ शकते. पण ते जंतू बाधक व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणूनच ट्रे रोज साफ करावा. आठवडाभर भरलेला खण उघडणे त्याहून जोखमीचे नव्हे काय? शिवाय दीड किलोच्या आतले पिल्लू असेल तर यंत्र आपोआप फिरते ठेवू नये, असे बनवणारेही बजावतात.

बाकीच्यांना माझे सांगणे असे: पशुवैद्य सांगतात की मांजरांपेक्षा एक पात्र जास्त असावे. तेव्हा एका मांजराला दोन साधे ट्रे आणा, लसी टोचून घ्या, शस्त्रक्रिया करून घ्या. उरलेले पैसे त्याच्या आजारपणासाठी ठेवा. साठ हजारांत हे सारे होऊन वर पुष्कळ उरतील. आणि ज्याला रोजची दोन मिनिटे जड वाटतात, त्याने मांजर पाळावेच कशाला? यंदा पाडव्याला घरात कोणी हे यंत्र मागितले, तर त्याच्या हाती एक चांगला, लांब दांड्याचा झारा द्या.