जागतिक आरोग्याचे जाळे आणि आपले शिकाऊ डॉक्टर

"ताई, माझ्या वर्गातल्या मुलांचे मामा लंडनला, आत्या अमेरिकेत डॉक्टर आहेत. मी कुणाला मेल करू?" खुलताबाद तालुक्यातल्या वस्तीतून एमबीबीएसला गेलेल्या आणि आता इंटर्नशिप करणाऱ्या आपल्या एका भावाने मला हे विचारले.

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आरक्षणाने प्रवेश मिळतो, ओळखी मिळत नाहीत. समाजशास्त्र ज्याला सामाजिक भांडवल म्हणते, ते आपल्या देशात जातीनेच वाटले गेले आहे. पुढे त्यालाच 'गुणवत्ता' म्हणतात.

मग आपण काय करायचे? बाबासाहेबांकडे पाहा. १९४६ साली प्रत्यक्ष भेट झालेली नसताना त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. उत्तरही आले. ओळख नव्हती, समान प्रश्न होता.

आरोग्यातही असा समान प्रश्न आहे. सिकलसेल हा आजार विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी समाजांत आढळतो, तसाच तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांतही आढळतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत त्यावरच्या जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. खर्च वीस लाख डॉलरहून अधिक! हा उपचार आपल्या वस्तीत कधी पोहोचणार, हे विचारायला आपलाच डॉक्टर त्या चर्चेत हवा.

काही कार्यकर्ते म्हणतात, हे सगळे करिअरचे चोचले. पोरं परदेशात जातील आणि समाजाला विसरतील. भीती खोटी नाही. पण जाळे म्हणजे विमानाचे तिकीट नव्हे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावातल्या बायकांना, त्यांत दलित आणि निरक्षर बायाही होत्या, आरोग्य कार्यकर्त्या केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या पुस्तकात त्या कामावर प्रकरण छापले आणि जग जामखेडला शिकायला आले. ज्ञान गावातून जगाकडेही जाते.

म्हणून शिकाऊ डॉक्टर मित्रांनो, ग्रामीण पोस्टिंगला हजेरीपुरते जाऊ नका. कोणत्या वस्तीतला रुग्ण उशिरा येतो, का येतो, हे रुग्णाचे नाव न लिहिता नोंदवा. रीतसर परवानगी घेऊन त्याचा अभ्यास करा. मग तोच प्रश्न घेऊन परदेशातल्या संशोधकाला लिहा. दहा मेलला उत्तर येणार नाही, अकराव्याला येईल. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती शेवटच्या वर्षी नव्हे, पहिल्याच वर्षी घ्या. आणि जे आधीच परदेशात पोहोचले आहेत, त्यांनी दरवर्षी निदान एका अनोळखी मुलाचा अर्ज तपासून द्यावा. जयंतीला फोटो टाकण्यापेक्षा हे मोठे अभिवादन आहे.

त्या भावाला मी एवढेच सांगितले: मामा लंडनला नसेल, तर पुढच्या पोरांचा मामा तू हो.

जय भीम!