कळपाची वाट अडवू नका

‘‘मारा फुकट गेलं हो. एकही क्रॉसिंग मिळालं नाही.’’ केनियाहून नुकत्याच परतलेल्या ओळखीच्या एका काकूंनी असं म्हणत मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात काय नव्हतं? क्षितिजापर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेलं माळरान, छत्रीसारख्या झाडाखाली पहुडलेल्या सिंहिणी, एकमेकांच्या पाठीवर मान टाकून उभे झेब्रे, वारुळावर चढून टेहळणी करणारा चित्ता. मला काकूंचा राग आला नाही. जाहिरातीच्या पानावर नदीत झेपावणारा कळप छापून आणि त्याखाली जुलै-ऑगस्टच्या तारखा लावून त्यांना हेच तर विकलं होतं. राग आला तो त्या विक्रीचा.

गोष्ट थोडक्यात अशी. टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा मिळून एकच गवताळ प्रदेश आहे. हवाई मोजणीनुसार बारा-तेरा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्या सोबतीने लाखांनी झेब्रे व थॉमसन गॅझेल तिथे पावसामागे, म्हणजे कोवळ्या गवतामागे, वर्षभर फिरत असतात. जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत दक्षिणेच्या एनडुटूच्या माळावर वीण होते. मग ग्रुमेती नदीच्या बाजूने उत्तरेकडे चाल, जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या आसपास मुक्काम आणि नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिण. मारा नदी ते अनेकदा ओलांडतात (काकूंचं ‘क्रॉसिंग’ ते हेच); आज इकडून तिकडे, परवा तिकडून इकडे. त्याचं वेळापत्रक कुणाकडेच नसतं.

तो काठ मी पाहिला आहे. कळप उतारापाशी जमतो आणि थांबतो. त्याला ठरलेला म्होरक्या नसतो. पुढचे पाण्याचा अंदाज घेतात, मागचे रेटत राहतात. एखादा खाली उतरतो, बिचकून वर येतो आणि सगळा कळप मागे फिरतो. यात तास जातात. तोवर रेडिओवरून बातमी पसरलेली असते आणि गाड्या येत राहतात. काठाला लागून एक रांग, तिच्यामागे दुसरी. एखाद्या ड्रायव्हरने गाडी मागे ठेवली, तर मागच्या सीटवरून ‘पुढे घे, पुढे घे’ सुरू होतं. काठापासून लांब राहायचा नियम तो जाणतो. पण आपली टीप आणि पुढच्या हंगामातलं काम पाहुण्यांच्या खुशीवर ठरतं, हेही जाणतो. पहिला प्राणी पाण्यात शिरला की गाड्या एकदम उताराकडे सुटतात. पाण्यातून वर यायची सोपी जागा अशी अडली, तर कळप उभ्या दरडीकडे वळतो. तिथे वर चढता येत नाही आणि मागून येणारे थांबत नाहीत.

नदीत बुडणं हा या प्रवासाचा भाग आहे, हे मान्य. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा हिशेब आहे की मारा नदीत दरवर्षी सरासरी ६,२५० विल्डबीस्ट बुडून मरतात. त्यांच्यावर मासे, मगरी, गिधाडं आणि मराबू करकोचे पोसले जातात. हाडांतला फॉस्फरस वर्षानुवर्षं पाण्यात उतरत राहतो. त्या नदीचं जगणं त्यावर उभं आहे. आपल्या गाड्यांनी त्यात मरणाची भर घालावी, याला मात्र कोणतंच कारण नाही.

२०२५च्या जुलैमध्ये टांझानियाच्या बाजूला, कोगाटेंडेपाशी, पर्यटक गाड्यांतून उतरून चक्क काठावर उभे राहिले आणि कळपाची वाट अडली. ती चित्रफीत जगभर फिरली. आपल्याकडे त्याआधी काही महिने, २०२४च्या शेवटच्या दिवशी, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी कोंडले होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी या सदरात मी लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणते: प्राणी बघण्याचा हक्क आपण पैसे भरून मिळवतो, त्याचा रस्ता अडवण्याचा नाही.

काकूंना मी त्या संध्याकाळी बुळकांडी या गुरांच्या रोगाची गोष्ट सांगितली. ती इथेही सांगायला हवी, कारण ती माहीत झाल्यापासून मला तो कळप वेगळाच दिसतो.

माझ्या आजोळी गुरं होती. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात बुळकांडी आली की त्यांचा आवाज खाली जायचा. ताप, तोंडात फोड, पाण्यासारखा जुलाब आणि काही दिवसांत गोठा रिकामा. इंग्रज सरकारने या साथीच्या धास्तीने १८८९ मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा काढली आणि चार वर्षांनी ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली.

त्याच सुमारास ही साथ आफ्रिकेत पसरत होती. इटालियन सैन्यासाठी जहाजांतून आणलेल्या गुरांबरोबर ती १८८०च्या दशकाच्या अखेरीस खंडाच्या ईशान्य टोकाला उतरली, असं मानलं जातं. दहा वर्षांत ती पार दक्षिणेपर्यंत पोहोचली. मसाई लोकांची बहुतेक गुरं मेली आणि गुरांवर जगणारी माणसंही उपासमारीने मेली. विल्डबीस्ट आणि रानम्हशीही त्यातून सुटल्या नाहीत. पुढे अनेक दशकं दर वर्षी विल्डबीस्टची कोवळी पिलं या रोगाने मरत राहिली. १९६१ मध्ये सेरेंगेटीत मोजणी झाली तेव्हा विल्डबीस्ट जेमतेम अडीच लाखांच्या घरात होते.

दरम्यान पशुवैद्यांनी सेरेंगेटीभोवतालच्या गुरांना लस टोचायला घेतली होती. फक्त गावातल्या गुरांना. रानातल्या एकाही विल्डबीस्टला सुई लागली नाही. १९६३ नंतर हा रोग विल्डबीस्टमधून नाहीसा झाला, म्हणजे तो सतत गुरांकडूनच रानात जात होता. पिलं जगू लागली आणि १९७७ पर्यंत कळप तेरा लाखांवर गेला. एवढ्या तोंडांनी गवत खाल्लं, म्हणून वणव्याला जळण उरलं नाही. वणवे कमी झाले, म्हणून झाडांची रोपं वाढली. काकूंच्या फोटोतल्या झाडांच्या सावलीलाही त्या लशीचा हातभार आहे.

लशीच्या कामाला मुक्तेश्वरचाही हात लागला होता. तिथल्या प्रयोगशाळेत जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात बकऱ्यांच्या शरीरातून पुढे पुढे नेऊन विषाणू सौम्य केला आणि भारतातल्या लसीकरणाला बळ दिलं. पुढे केनियातल्या मुगुगाच्या प्रयोगशाळेत वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशींच्या संवर्धनावर वाढवलेली, अधिक सुरक्षित लस तयार केली आणि तिने साऱ्या जगाचं काम केलं. भारतात शेवटचा रोगी प्राणी १९९५ मध्ये आढळला. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. यामागे गावोगाव पायी फिरून, शिंगं आवरून, एकेका जनावराला सुई टोचणारी हजारो माणसं होती. त्यांची नावं कुठल्याही सफारीच्या माहितीपत्रकात नसतात, आणि याची मला खरोखर खंत वाटते.

म्हणून या कळपाला कोणी ‘अनादि काळापासून चाललेलं निसर्गचक्र’ म्हटलं की मला थांबवावंसं वाटतं. वाट फार जुनी आहे, पण आज दिसणारी गर्दी माणसांच्या मेहनतीने परत आलेली आहे, आणि माणसांच्याच हातून ती जाऊही शकते. पुरावा माराच्या शेजारीच आहे. लोइटाच्या माळावर वीण करून माराकडे येणारा विल्डबीस्टचा एक वेगळा, केनियाचा स्वतःचा कळप होता. १९७७ मध्ये त्यात सुमारे १,१९,००० प्राणी होते. १९९७ मध्ये उरले सुमारे २२,०००. मधल्या काळात त्यांच्या चराईच्या माळावर यंत्रांनी गव्हाची शेती सुरू झाली होती. पुढे कुंपणंही वाढत गेली. चालणाऱ्या प्राण्याला मारायला बंदूक लागत नाही, वाट बंद केली की पुरतं. सेरेंगेटीच्या उत्तर भागातून डांबरी रस्ता नेण्याच्या बेताविरुद्ध लोक न्यायालयात गेले आणि पूर्व आफ्रिकी न्यायालयाने २०१४ मध्ये तो रोखला, ते याच कारणासाठी.

नदीकाठची गाड्यांची भिंत रोज काही तासांचीच असते. पण तीही कुंपणच आहे, आणि ते आपण सुट्टीवर असताना उभं करतो.

या वर्षी जाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ‘क्रॉसिंगची खात्री’ देणाऱ्या कंपनीकडे बुकिंग करू नका. जमलं तर फेब्रुवारीत एनडुटूला जा. दोन-तीन आठवड्यांत तिथे लाखो पिलं जन्मतात, मिनिटांत पायांवर उभी राहतात आणि आईमागे धावू लागतात. जुलैतच जायचं असेल, तर पहिल्या सकाळी गाडी सुरू होण्याआधी ड्रायव्हरला स्पष्ट सांगा: गाडी मागेच ठेवा, आम्हाला काहीही दिसलं नाही तरी तुमची टीप ठरलेली आहे. एवढ्या शब्दावर त्याला नियम पाळायची मोकळीक मिळते. काठावरची रांग हटवायला वनरक्षक लागतील, कडक दंडही लागतील. पण तिची सुरुवात मागच्या सीटवर होते, आणि तिथे बसलेल्या माणसाला ती त्याच क्षणी थांबवता येते.