पहिला टर्नटेबल घेताय? आधी कपाटातल्या तबकड्या तपासा

शॉपिंग अ‍ॅपवर ‘टर्नटेबल’ असे टाइप केले की सगळ्यात वर सूटकेस दिसते. गुलाबी, निळी, आकाशी. झाकण उघडायचे, तबकडी ठेवायची, गाणे सुरू. स्पीकर आतच असतो, ब्लूटूथही असते आणि किंमत खिशाला परवडणारी. रील्समध्येही तीच दिसते. पहिल्यांदाच एलपी ऐकू पाहणारे बहुतेक जण तीच घेतात आणि दोन महिन्यांत ‘यापेक्षा मोबाइल बरा वाजतो’ म्हणून माळ्यावर टाकतात. दोष तबकडीचा नसतो, पेटीचा असतो.

सूटकेसमध्ये नेमके काय चुकते?

तबकडीवरच्या खाचेत सुई फिरते, खाचेच्या वळणांनी थरथरते आणि त्या थरथरीचा विद्युत संकेत होतो. सगळी करामत या थरथरीची आहे. आता त्याच पेटीत स्पीकर बसवला तर स्पीकरचा हादराही सुईपर्यंत पोहोचतो. आवाज वाढवला की घुमल्यासारखे ऐकू येते, कधी सुई उडी मारते. म्हणून कंपन्या आतला स्पीकर मुळातच लहान आणि कमी ताकदीचा ठेवतात. तबल्यातला बायां त्यात जवळजवळ ऐकूच येत नाही.

दुसरी अडचण वजनाची. या पेट्यांमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि ते तबकडीवर पाच-सहा ग्रॅम भार टाकते. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा भार साधारण दीड ते साडेतीन ग्रॅम असतो. सिरॅमिक कार्ट्रिजला नीलमण्याची सुई असेल तर ती हिऱ्याच्या सुईपेक्षा कितीतरी लवकर झिजते आणि झिजलेली सुई खाच कुरतडते. एकदा वाजवल्याने तबकडी खराब होते, ही इंटरनेटवरची भीती अतिरंजित आहे. पण आजोबांनी जपलेली, पुन्हा बाजारात न मिळणारी एलपी रोज अशा सुईखाली देणे शहाणपणाचे नाही.

घरातली तबकडी एलपीच आहे का?

हा प्रश्न खरे तर सगळ्यात आधी विचारायला हवा आणि तोच कुणी विचारत नाही. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी १९४८ मध्ये आली, ४५ फेऱ्यांची लहान तबकडी १९४९ मध्ये. त्याआधीची सगळी दुनिया ७८ फेऱ्यांची. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले ते याच पिढीतल्या तबकडीवर. बालगंधर्वांची नाट्यपदे, जुनी भावगीते हा आपल्याकडचा मोठा ठेवा ७८ मध्ये आहे. भारतात साठच्या दशकातही या तबकड्या निघत होत्या, त्यामुळे मराठी घरांतल्या पेट्यांत त्या हमखास सापडतात.

ओळखायला सोपे आहे. तबकडी जड, ठिसूळ आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे एकच गाणे असेल तर ती बहुतेक ७८ आहे. ती लाखेपासून बनते, व्हिनाइलपासून नाही. तिची खाच रुंद असते आणि तिला एलपीच्या सुईपेक्षा जवळपास चौपट जाड टोकाची सुई लागते. ऑडिओ-टेक्निकाचा ‘एटी-एलपी६०एक्स’ हा नवशिक्यांना नेहमी सुचवला जाणारा ऑटोमॅटिक प्लेअर ३३ आणि ४५ वरच चालतो. त्याच कंपनीच्या महागड्या ‘एलपी१२०एक्स’वर ७८ चा वेग मिळतो, पण सुई वेगळी घ्यावी लागते. म्हणजे घरात फक्त ७८ असतील तर पहिला प्लेअर चुकीचा, आणि सगळ्या एलपी असतील तर दुसऱ्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याची घाई नको.

मग पैसे कुठे घालायचे?

सेलमध्ये किमती रोज बदलतात, म्हणून आकड्यापेक्षा वाटणीचा विचार करा. ढोबळमानाने निम्मे प्लेअरला, निम्मे स्पीकरला आणि थोडे राखीव. सगळे पैसे प्लेअरवर उधळून स्पीकर ‘नंतर बघू’ म्हणणे ही नेहमीची गफलत. प्लेअरमध्ये तीन गोष्टी पाहा: कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट आहे का, सुई बदलता येते का आणि फोनो प्रीअ‍ॅम्प आत आहे का.

हा प्रीअ‍ॅम्प म्हणजे चैन नव्हे. कार्ट्रिजमधून येणारा संकेत असतो जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा. शिवाय मुद्रण करताना खाच आवाक्यात राहावी म्हणून खर्जाचे स्वर दाबलेले आणि वरचे स्वर उचललेले असतात. प्रीअ‍ॅम्प संकेत वाढवतो आणि हा हिशेब उलटा करून मूळ आवाज परत आणतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि किरटा येतो, आणि दोनदा लागला तर फाटलेला. प्लेअरच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असे बटण असते. स्पीकर थेट जोडणार असाल तर ते ‘लाइन’वर ठेवा. ‘बिघडलेला’ वाटणारा प्लेअर अनेकदा या एका बटणाने दुरुस्त होतो.

स्पीकरसाठी अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेली बुकशेल्फ जोडी सगळ्यात सुटसुटीत. पण त्याआधी घरात नजर टाका. दिवाळीला घेतलेली आणि आता धूळ खात पडलेली म्युझिक सिस्टीम असेल आणि तिला ऑक्स इनपुट असेल, तर स्पीकरचा खर्च वाचला. ब्लूटूथने ऐकणे सोयीचे आहे, पण त्यात संकेत डिजिटल होऊन दाबला जातो. तेवढ्यासाठी टर्नटेबल घेण्यात मजा नाही. वायर स्वस्त आहे, तीच लावा. आणि स्पीकर प्लेअरच्याच टेबलावर ठेवू नका, नाहीतर सूटकेसचेच दुखणे परत.

राखीव पैसे सुईसाठी. ती साधारण ३०० ते ५०० तासांनी बदलावी लागते. रोज एक एलपी ऐकणाऱ्याची सुई दीड-दोन वर्षे टिकते. दुसरा खर्च कार्बन फायबर ब्रशचा, आणि मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तो टळत नाही. एलपीवरची बुरशी डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापडाने गोल फिरवत पुसावी, मधल्या कागदी लेबलाला पाणी न लागू देता. स्पिरिट किंवा सॅनिटायझर ७८ च्या तबकडीला कधीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तिच्याबरोबर खाचेतले गाणेही जाते.