आधी आपले दप्तर

मंडळी, मागच्या अंकात बाल्कनीतल्या कढीपत्त्याची कहाणी लिहिली होती. या वेळी खतापाण्याचे उरलेसुरले सांगून तो विषय संपवायचा होता. पण मंडळाच्या कोजागिरीला एक प्रसंग घडला आणि कढीपत्ता मागे पडला.

मसाला दुधाचे पेले फिरत होते. आमच्या टेबलावर मंगफला राहणारे एक तरुण जोडपे बसले होते. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "आम्ही मुलाला शाळेतून काढायचं म्हणतोय. घरीच शिकवू."

झाले! दूध पिणारे थांबले. एका काकूंनी हळूच विचारले, "काही झालं का गं शाळेत?" कोणी म्हणाले, "अहो, पण दहावीचं काय?" एका ज्येष्ठ गृहस्थांनी तर आपण कंदिलाखाली अभ्यास कसा केला ते पहिल्यापासून सांगायला घेतले. जोडपे बिचारे गप्प झाले. निघताना तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दादा, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

खरे सांगायचे तर माझ्याजवळ बोलण्यासारखे बरेच होते. मी स्वतः दहा महिने घरी शिकलेला विद्यार्थी आहे. आणि पुढे तीस वर्षांनी घरी शिकवायला बसून नापास झालेला मास्तरही आहे. गच्चीवर उभ्याउभ्या हे सगळे कसे सांगणार? म्हणून हे लेखी उत्तर.

त्या दोघांच्या मनात जी पद्धत आहे तिचे सध्याचे रूप अमेरिकेतले. ऑलिव्हर डीमिल नावाच्या लेखकाने २००० साली 'अ थॉमस जेफरसन एज्युकेशन' हे पुस्तक लिहिले. त्याचा गाभा असा : मुलांना पाठ्यपुस्तकांतले तुकडे देऊ नका, मूळ थोर ग्रंथ द्या. वर्गात व्याख्यान देणारा नको, शेजारी बसून वाट दाखवणारा गुरू द्या. सक्ती करू नका, ओढ लावा. नाव जेफरसनचे, कारण तो विल्यम्सबर्गला जॉर्ज विथ या एकाच गुरूच्या हाताखाली ग्रंथ वाचत कायदा शिकला. तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय, आपल्याकडे हेच तर होते! थोडे थांबा. आपल्याकडे काय होते तिकडेच येतोय.

आधी माझी गोष्ट. १९९० साली मी दहा वर्षांचा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीला आई आणि मी वाईला आजोबांकडे गेलो होतो. वडील इथे कुवेतमध्येच कामावर होते. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, फोन बंद पडले आणि आमची सुट्टी संपलीच नाही. वाईच्या शाळांचे वर्ष जूनमध्येच सुरू झाले होते. शिवाय मी इंग्रजी माध्यमातला, दाखला कुवेतच्या कपाटात आणि कुवेतचे काय होणार ते कोणालाच ठाऊक नाही. आजोबा म्हणाले, "जूनपर्यंत माझ्याकडे बसू दे त्याला."

आजोबा निवृत्त शाळामास्तर. पहाटे साडेपाचला उठवायचे. पावकी, निमकी, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, थोडे संस्कृत, ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या. वाई गावच पाठशाळेचे. विनोबा प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांपाशी येऊन शिकले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथलेच विद्यार्थी. विश्वकोशाच्या कचेरीवरून जाताना आजोबा बोट दाखवून म्हणायचे, "इथे मोठी माणसं अजून अभ्यास करतात." मला ते खोटे वाटायचे. मोठ्या माणसांना कसला अभ्यास?

पण आमच्या घरातच तो चालला होता. माझे विज्ञानाचे पुस्तक इंग्रजीत होते आणि आजोबांचे विज्ञान मराठीतले, तेही जुने. रात्री सगळे झोपले की ते माझे पुस्तक आणि शब्दकोश घेऊन बसायचे. वहीत शब्द उतरवून काढायचे. विजेचा धडा आल्यावर त्यांनी सरळ सांगितले, "हे मला येत नाही." मग बाजारातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात घेऊन गेले आणि मिस्त्रींना म्हणाले, "याला रोज तासभर बसू द्या." तांब्याची तार हाताने गुंडाळून मोटार फिरते हे मी तिथे पाहिले. पुढे इलेक्ट्रिकल घेतले, परदेशात एम.एस. केले, त्याची सुरुवात त्या काळ्या तेलकट बाकावर आहे.

वडील ऑक्टोबरमध्ये आले. त्या काही महिन्यांत सुमारे पावणेदोन लाख भारतीय असेच कुवेतमधून बाहेर पडले, बहुतेक अम्मानमार्गे. वडील एका पिशवीनिशी दारात उभे होते. तोवर अडीच महिने घरात वडिलांविषयी मोठ्याने कोणी बोलत नव्हते. आजोबांनी रोज पहाटे मला का उठवले हे मला फार उशिरा कळले. त्यांचा मुलगा तिकडे अडकला होता. पहाटे त्यांनाही झोप लागत नसणार.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जून १९९१ मध्ये शाळेत गेलो तेव्हा गणितात पुढे होतो, पण हिंदीत काठावर पास झालो. आणि वर्गातल्या मुलांशी नीट बोलायला मला दिवाळी उजाडली. दहा महिन्यांत मी फक्त म्हाताऱ्यांशी बोलायला शिकलो होतो.

आता २०२०. त्या वर्षी फेब्रुवारीअखेर राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीसाठी इथल्या शाळा बंद झाल्या आणि मुले पुन्हा वर्गात बसायला दीड वर्षाहून जास्त काळ गेला, हे आपण सगळ्यांनी भोगले आहे. आमची कन्या तेव्हा बारा वर्षांची. सकाळभर पडद्यासमोर बसायची आणि दुपारी भिंतीकडे बघायची. एके दिवशी म्हणाली, "शाळा उघडली तरी मी जाणार नाही. घरीच शिकते."

मला आजोबा आठवले. वाटले, हीच संधी! डीमिलचे पुस्तक वाचून काढले. इंजिनिअर माणूस, त्यामुळे लगेच एक्सेलमध्ये तक्ता केला. वीस थोर ग्रंथ, प्रत्येकापुढे पाने, तारखा आणि टक्केवारी. महाभारत, प्लेटो, डार्विन, कोणी सोडला नाही. तिसऱ्या आठवड्यात टक्केवारीचा रकाना शून्यावरच होता. मी रागावलो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, यातलं तू काय काय वाचलंयस?"

मी म्हणालो, "अगं, इंजिनिअरिंगमुळे वेळ मिळाला नाही."

"मग मलाच का?"

हिने स्वयंपाकघरातून निकाल दिला, "तिचं बरोबर आहे."

रात्री हीच म्हणाली, "अहो, ते वीस राहू द्या. दोघांनीही न वाचलेलं एक घ्या आणि मोठ्यानं वाचा. मीही ऐकीन." वडिलांच्या पुस्तकांच्या खोक्यात पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' निघाले. १८८९ सालचे मराठी! दोघेही अडखळत होतो. तिला शब्द अडले की ती मला विचारायची, मला अडले की मी कोश काढायचो. अमेरिकेतल्या बायकांच्या संस्था, त्यांचे शिक्षण, त्यांची हक्कांसाठी धडपड वाचताना तिने विचारले, "त्यांना मत द्यायचा हक्क कधी मिळाला?" मला माहीत नव्हते. शोधले : १९२०. "आणि कुवेतमध्ये?" तेही शोधले : २००५. म्हणजे तिच्या जन्माच्या तीनच वर्षे आधी. त्या दिवशी ती जेवताना एकटीच बोलत होती.

पुस्तकावरून आम्ही बाईंच्या चरित्राकडे गेलो, आणि घरच्या शिक्षणाचे एवढे मोठे उदाहरण मराठीत असताना मी अमेरिकेत शोधत होतो याची लाज वाटली.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्याला शिकायला होते. आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी तिथे पाहिले आणि बायकांनाही शिकवता येते हे मनात धरले. पुढे पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवले. लोकांचा विरोध झाला, तेव्हा पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. रमाबाई तिथे १८५८ साली जन्मल्या. काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले आणि पुढे फिरतच राहिले. वडील थकले होते, म्हणून धाकट्या रमेला शिकवले ते आईने. पहाटे, घरकामाला लागण्याआधी. ना इमारत, ना बाक. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत व्याकरण, कोश, पुराणे, हजारो श्लोक तोंडपाठ. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. शाळेचे तोंड न पाहिलेली वीस वर्षांची मुलगी!

इथे थांबलो असतो तर मंगफच्या जोडप्याला मी डोळे झाकून "काढा शाळेतून" म्हटले असते. पण पुढचे वाचा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ हजारो मैल पायी हिंडले, उपाशी राहिले. पुराणे मुखोद्गत होती, पण चार पैसे मिळवून देणारे काही शिकवलेले नव्हते. इंग्रजी, व्यवहारातले विषय घरी वर्ज्य होते. वेदही मुलीला शिकवायचे नाहीत असा वडिलांचा नेम. वेद वाचा असे सुचवून त्यांची प्रत तिच्या हातात ठेवली ती कलकत्त्याला केशवचंद्र सेनांनी. इतक्या धाडसी बापानेही एक कपाट कुलूपबंद ठेवले होते, आणि ते उघडायला बाहेरचा माणूस लागला.

आणि पुढे बाईंनी काय केले? इंग्लंडला चेल्टनहॅमच्या कॉलेजात राहिलेले विषय शिकल्या. अमेरिकेत बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकल्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही शाळा काढली. पुढे केडगावला मुक्ती सदनात मुलींना अक्षरओळखीबरोबर विणकाम आणि छापखान्यातले काम शिकवले. म्हणजे घरी शिकलेल्या आपल्या सर्वांत थोर विद्यार्थिनीने मोठेपणी शाळा काढली, आणि त्या शाळेत पोटाची सोय आधी पाहिली. आपल्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, दोन्ही त्या जाणून होत्या.

तेव्हा मंगफकर, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर तीन कलमांत.

पहिले : मुलाच्या दप्तराआधी आपले भरा. आई-बाप स्वतः शिकताना दिसत नसतील तर घरची शाळा म्हणजे नुसती घरची सक्ती. आजोबांचा शब्दकोश मी पाहिला होता, म्हणून मी बसलो. माझा तक्ता मुलीने पाहिला, म्हणून ती उठली.

दुसरे : आपल्याला काय येत नाही याची यादी करा आणि त्यासाठी माणसे शोधा. आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, तबला वाजवणारे आहेत, तेलविहिरीवर काम केलेले आहेत. आठवड्यातून एक तास कोणी नाही म्हणणार नाही. आणि बरोबरीची मुले हवीतच. ती उणीव मी भोगली आहे.

तिसरे : कागद. आज ना उद्या परत जायचे आहे, कॉलेजचा दरवाजा प्रमाणपत्राशिवाय उघडत नाही. भारताच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसच्या दहावीला चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर आणि बारावीला पंधरा पूर्ण झाल्यावर प्रवेश घेता येतो. परीक्षेचे केंद्र कुठे मिळेल, आणि पुढे जिथे पाठवायचे तिथे हे चालते का, हे नाव काढण्याच्या आधी लेखी विचारून घ्या, नंतर नको.

आमच्यापुरते म्हणाल तर आम्ही शाळा सोडली नाही. २०२१ मध्ये कन्या परत गेली, पहिले दोन आठवडे रडत आणि नंतर मैत्रिणींबरोबर हसत. पण शुक्रवारी सकाळचा एक तास राहिला तो राहिला. आता ती बारावीत आहे. सध्या डार्विन चालू आहे, निवड तिची. मी तीन प्रकरणे मागे आहे आणि त्याबद्दल दर शुक्रवारी बोलणी खातो.

तुम्हा दोघांनी काय ठरवले ते जरूर कळवा. शुक्रवारी सकाळी फोन केलात तर मात्र उचलणार नाही. कढीपत्ता पुढच्या अंकी, नक्की!